पुसा नव्हतं, मिटवा होतं

११ जानेवारी, रविवार. हातात घेतलेलं काम: मुलीच्या खेळाच्या यंत्रावर लिनक्स बसवणं. भाकरी झाल्या, कपडे वाळत घातले, पाणी भरून ठेवलं, मग बसले. काम नवीन असलं की मी जुनी कामं आधी उरकते. मध्ये उठावं लागत नाही.

यंत्र दोन्ही हातांत धरायचं. मधोमध पडदा, कडांना बटणं आणि प्रत्येक अंगठ्याखाली एक छोटी दांडी. ती चारी बाजूंना कलते. मुलीला सुरतेला नोकरी लागली तेव्हा तिने ते स्वतःसाठी घेतलं. दिवाळीला घरी आली आणि पप्पांजवळ ठेवून गेली.

पप्पांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. पाय महिन्याभरात बऱ्यापैकी परत आला, हात आला नाही. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या सहा महिन्यांत हाताला जितकं कामाला लावाल तितकं मिळेल, पुढे वेग कमी होतो. सप्टेंबरपासून सहा महिने म्हणजे मार्च. मी परिचारिका आहे, रनाळ्याजवळच्या एका उपकेंद्रात. दुसऱ्यांच्या घरी जाऊन हेच वाक्य मी किती वेळा बोलले असेन. स्वतःच्या घरात ऐकलं तेव्हा मार्च महिना फार जवळ वाटला.

ते जीप चालवायचे. माझी नोकरी वर डोंगरात मोलगीकडे होती तेव्हा तिथल्याच घाटात, बाजाराच्या दिवशी आत बारा आणि टपावर सात माणसं घेऊन. पुढे माझी बदली खाली झाली, जीपही खाली आली. आपल्याकडच्या गाडीत गिअर डाव्या हाताला असतो. ज्याचा डावा हात गेला त्याची जीप गेली. ती अजून दारात उभी आहे, रोज पुसली जाते, चालत नाही.

व्यायामासाठी डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी दोनदा अंगणात फेकला, तोही उजव्या हाताने. मग मुलीने हे यंत्र त्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवलं आणि ट्रकचा खेळ लावून दिला. डाव्या अंगठ्याने स्टिअरिंग, उजव्या बोटाने रेस. दुसऱ्या दिवसापासून माणूस स्वतःहून मागायला लागला. डोंगरातले रस्ते, पाऊस, मागे लांबच लांब ट्रॉली. रोज चाळीस मिनिटं, कधी तास. मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पाठीकडे बघायचे, खांदे वळणावर कलायचे, आणि वहीत लिहायचे: तारीख, डावा हात, चाळीस मिनिटं.

अडचण यंत्राच्या आतली होती. त्यातली मूळ प्रणाली टेबलावरच्या संगणकासाठी केलेली. ट्रक घाट चढत असतानाच तिला स्वतःला अद्ययावत करायचं असायचं. पडद्यावर चौकटी यायच्या, अक्षर बारीक, बंद करायची फुली मुंगीएवढी. यांना ती जमायची नाही. यंत्र खाटेवर आपटायचं आणि माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्या दिवशी वहीत शून्य. शून्य वाढायला लागले तेव्हा मुलगीच फोनवर म्हणाली की त्यावर लिनक्स बसवू. लिनक्स ही तशीच एक मूळ प्रणाली, पण तिच्यातला एक प्रकार खास अशा हातातल्या यंत्रांसाठी केलेला. चालू केलं की सरळ खेळच समोर येतात. तिला ते आधीपासूनच करायचं होतं, त्यासाठी लागणारी पेनड्राइव्ह तिने दिवाळीतच तयार करून ठेवली होती. बसवायला वेळ मिळाला नाही, बस गाठायची होती.

त्या रविवारी तिची ड्यूटी होती, चारपर्यंत फोन उचलता येणार नव्हता. म्हणून तिने सकाळीच आवाजाचे निरोप पाठवून ठेवले, एकामागे एक, अहिराणीत. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मी तीनदा ऐकला.

"मम्मी, ध्यानमां ठेव. जुनं ऱ्हाऊ दे, नवं त्यान्हा बाजूले बसाड. जठे 'पुसा' लिखेल व्हई तठे बोट लावू नको. पुसं म्हणजे पप्पास्ना ट्रक गया."

जुनी प्रणाली ठेवायची, नवी तिच्या शेजारी बसवायची, आणि 'पुसा' असं जिथे दिसेल तिथे बोट लावायचं नाही. कळलं. माझ्या कामात असंच असतं. कुपी उचलताना नाव वाचायचं, सुईत भरताना वाचायचं, ठेवताना वाचायचं. तीनदा, मोठ्याने. सव्वीस वर्षांत चुकीची लस माझ्या हातून गेलेली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, तीनदा वाचल्यावर ती जात नाही एवढंच.

हे बाहेर ओट्यावर उन्हात बसले होते. रस्त्याच्या पलीकडे पपईची गाडी भरत होती, तिथल्या माणसांशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. गावात सगळे मला सिस्टर म्हणतात, आणि चिडवायचं असलं की हेही.

"सिस्टर, पेशंट जिवत शे का?"

"शे. भूल देवानी शे आते."

"मन्हा ट्रक सांभाळजो."

"तुमना ट्रकले काय नही व्हवाव."

तुमच्या ट्रकला काही होणार नाही. असं मी म्हणाले.

चार्जर लावला. मुलीने दिलेली चार तोंडांची जोडणी लावली, तिच्यात पेनड्राइव्ह. ती माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून यंत्र सुरू करायचं. पडदा काळा. मग त्या काळ्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. एकेक ओळ म्हणजे आत कुठलं तरी काम झाल्याचा निरोप, हे मला मागून कळलं. तेव्हा नुसतं दिसलं की खूप काही, फार वेगाने, ठरलेल्या क्रमाने चाललं आहे आणि कुणी सांगत नाही आहे. मी हात मागे घेतला.

आणि चित्र आलं ते आडवं. म्हणजे यंत्र सरळ, चित्र कुशीवर. मला वाटलं बिघडलं. मुलीच्या एका निरोपात त्याचाही उल्लेख होता की या यंत्रातला पडदा मुळात मोबाइलसारखा उभा असतो, कारखान्यात तो आडवा बसवतात, आणि नवी प्रणाली बसेपर्यंत ही गोष्ट त्याला कळत नाही. म्हणून मी यंत्र उभं धरलं, पुस्तकासारखं. तसंच धरून पुढचं सगळं केलं.

पहिल्यांदा त्याने भाषा विचारली. बोटाने यादी सरकवत गेले. कितीतरी लिप्या, काही मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, आणि मध्येच, काही विशेष नसल्यासारखं, मराठी. बोट लावलं. सगळा पडदा मराठी झाला. 'पुढे जा', 'मागे जा', 'रद्द करा', 'न बसवता वापरून पाहा'.

मी आधी 'न बसवता वापरून पाहा' केलं, कारण न तपासता काही टोचत नाही. यंत्र चालायला लागलं. फोनचं नेट जोडून पाहिलं, जोडलं गेलं. आवाज आला. घड्याळ बरोबर होतं. हे सगळं त्या पेराएवढ्या तुकड्यातून चाललं होतं. यंत्राच्या आतली जुनी प्रणाली तशीच झोपलेली होती, तिला पत्ता नव्हता की तिच्या घरात दुसरं कुणी येऊन दिवे लावून बसलं आहे. तुकडा काढला असता तर मागे काही उरलं नसतं. मी बाळंतपणं केली आहेत, मोलगीकडे कंदिलाच्या उजेडातही. जीव लहान जागेत मावतो हे मला माहीत आहे. पण हे माणसांनी केलेलं होतं, आणि कुणी केलं ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मुलीने दिवाळीत सांगितलं होतं की हे जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं असतं, बरेच जण आपापल्या वेळात करतात. मराठी शब्दही असेच कुणी तरी बसून लिहितात. आमच्या लसी फुकट असतात, पण त्यांच्यामागे सरकार आहे, पगार आहे, बर्फाचा डबा आहे, माझी सही आहे. 'रद्द करा' या दोन शब्दांमागे काय होतं? कुठे तरी एक माणूस, समोर इंग्रजी ओळ, आणि मनात हा विचार की एखादीला 'कॅन्सल' कळणार नाही. ती एखादी म्हणजे मी. त्याने मला कधी पाहिलं नाही, पाहणार नाही. मी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिले. नंतर घड्याळ पाहिलं तर साडेबारा.

मग 'बसवा'. प्रत्येक पान मी तीनदा मोठ्याने वाचलं. बाहेरून आवाज आला, "कोनासंगे बोली ऱ्हायनी?" मी म्हटलं, "पेशंटसंगे." प्रांत, वेळ, कीबोर्ड. मग हे पान आलं:

'जुनी प्रणाली आढळली. पुरेशी जागा नाही. जागेसाठी जुनी प्रणाली मिटवा किंवा मागे जा.'

तीनदा वाचलं. 'पुसा' कुठेही नव्हतं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, नव्हतं.

आमच्याकडे पाटी पुसतात, फळा पुसतात, नाव खोडतात. मिटतात ते डोळे. पुस्तक मिटतं, छत्री मिटते. भावकीतलं भांडण मिटवतात. मिटवलेली वस्तू जागेवरच असते, फक्त बंद असते. मला वाटलं, जुनी उघडी पसरलेली आहे, म्हणून नवीला जागा नाही. तिला मिटून बाजूला ठेवायचं, फडताळात पुस्तक ठेवतात तसं. मला ती मांडणी आवडलीसुद्धा. मी 'मिटवा' वर बोट ठेवलं.

दोन-चार सेकंदांत पुढचं पान आलं. 'जुनी प्रणाली काढून टाकली. संपूर्ण डिस्क मोकळी आहे.'

हे वाक्य मला तीनदा वाचावं लागलं नाही.

चुकीचं औषध गेलं तर काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं आहे. आरडाओरडा करायचा नाही. वेळ बघायची. पुढचं नुकसान थांबवायचं. लपवायचं नाही. एक वाजून दहा मिनिटं. यंत्र अर्ध्यात सोडलं असतं तर जुनंही नसतं आणि नवंही नसतं, म्हणून मी 'पुढे जा' केलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरायला लागली. तिच्या खाली क्षणाला एक ओळ बदलत होती, हे आणलं, ते मांडलं, हे जोडलं. त्या पट्टीवरून माझी नजर हलत नव्हती. रिकाम्या डिस्कवर कुणी तरी एक आख्खं गाव वसवत होतं, विहिरीपासून चावडीपर्यंत, आणि ते सगळं त्या तुकड्यातून येत होतं.

पट्टी भरली. यंत्र बंद झालं. काळा पडदा. मूल बाहेर येतं आणि रडतं, या दोघांच्या मधला जो थोडा वेळ असतो तो कुठल्याही परिचारिकेला विचारा. घड्याळात तो काही सेकंदांचा असतो. तेवढाच हा होता. मग एक बारीक नाद झाला आणि चित्र आलं, आणि या वेळी सरळ आलं. त्याला कळलं होतं की आपण कुठल्या शरीरात आहोत. मी यंत्र आडवं धरलं. अक्षरं मोठी, ओळीने मांडलेली, अंगठ्याने हलणारी. मुंगीएवढी फुली कुठेच नव्हती.

बाहेर गेले. सांगितलं.

"ट्रक गया. मन्ही चूक शे. 'मिटवा' लिखेल व्हतं, मी दाबी दिधं."

त्यांनी पपईच्या गाडीकडे पाहिलं. ती भरून निघायच्या बेतात होती.

"सगळा गया?"

"सगळा. खेळ परत आणता येई, पण तुमनं जितलं व्हयेल व्हतं तितलं गयं."

खेळ परत आणता येणार होता, मोबाइलच्या नेटवर त्याला दोन-तीन दिवस लागले असते. पण अडीच महिन्यांत त्यांनी जे रस्ते पार केले होते, एका ट्रकचे तीन केले होते, ते गेलं होतं. मला वाटलं उठून आत जातील आणि भिंतीकडे तोंड करतील. मार्च माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी यंत्र तसंच त्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवलं. नव्या प्रणालीबरोबर दोन-तीन फुकटचे खेळ आले होते. त्यातला पहिला लावला. बर्फाचा उतार, आणि त्यावरून पोटावर घसरत जाणारा एक पक्षी.

"हाई काय? बदक?"

"पेंग्विन."

"उडस का?"

"घसरस. झाडं चुकाडनी, मासा वेचना."

"आठे घाटमां जीप चालाडेल माणूसनी बदक चालाडवं का आते?"

पण उजवा हात यंत्राकडे गेलाच. पक्षी निघाला. नाकासमोर सरळ गेला आणि झाडावर आपटला. पुन्हा निघाला, पुन्हा तेच झाड. मी समोर उभी होते, कधी नव्हे ती. त्यांचा उजवा अंगठा दांडी जोरजोरात डावीकडे कलवत होता, आणि पक्षी वळत नव्हता.

"बिघाडी ठेवं तू यंत्र. फिरतच नही हाई. सीधं जास नि झाडवर आदळस."

मलाही तेच वाटलं. एक चूक झाली, तिच्या पोटात दुसरी असणार. चार वाजून पाच मिनिटांनी मुलीला फोन लावला, आधी ट्रक गेल्याचं सांगितलं, मग पक्षी वळत नसल्याचं. ट्रकचं तिने बाजूला ठेवलं. म्हणाली, "कोनता अंगठा हालाडी ऱ्हायनात पप्पा?"

"उजवा."



"मम्मी, आयकी ले, राग भरू नको. पप्पास्नं स्टिअरिंग मी उजव्या अंगठावर करी देयेल व्हतं. ब्रेक बी. भाऊबीजना दिन."

"कसाले?"

"डाव्याघाई व्हयेच ना त्यास्ले. डोयामां पाणी व्हतं त्यास्ना."

डाव्याने जमत नव्हतं, वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मुलीने डाव्या हाताचं सगळं काम उजव्या हाताकडे दिलं. त्या यंत्रात ते करता येतं, आणि जुन्या प्रणालीबरोबर तेही गेलं होतं, वळवणं पुन्हा डाव्या अंगठ्याकडे आलं होतं. आणि दोघांनीही मला सांगितलं नाही. म्हणजे दिवाळीपासून डावा हात उशीवर नुसता यंत्राला टेकून होता, आणि मी दारातून खांदे बघून वहीत 'डावा हात, चाळीस मिनिटं' असं लिहीत होते. समोर येऊन एकदाही पाहिलं नाही. लसीच्या कुपीवरचं नाव मी तीनदा वाचते.

फोन ठेवला. हे माझ्याकडे बघत नव्हते.

"दोन-अडीच महिना मी वहीमां खोटं लिखी ऱ्हायनू."

"तू लिखं. मी कव्हय सांगं लिखाले?"

"डॉक्टर इचारी ऱ्हायना व्हता, इतला व्यायाम करीसन बी हात कसा नही हालत."

"मंग सांगानं ना, ट्रक चांगला चालस."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. थोड्या वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "परत उजव्यावर करी दे. पोरीले इचार. दोन मिनिटनं काम शे."

दोन मिनिटांचंच काम होतं. फोन न करताही सापडलं. नव्या प्रणालीत त्यासाठी एक वेगळं पान आहे, मराठीत. यंत्राचं चित्र, प्रत्येक बटणापासून एक रेघ निघालेली, रेघेच्या टोकाशी त्याचं काम. बोटाने रेघ उचलायची आणि दुसरीकडे टाकायची. डाव्याचं उजव्याला देता येतं, उजव्याचं डाव्याला, दोन हातांचं एकाला. खाली एक ओळ होती: 'एका हाताने खेळणाऱ्यांसाठी तयार मांडणी'. उजवा, डावा, दोन्ही पर्याय. मला तिथे पुन्हा थांबावं लागलं. कुणाला तरी हे आधीच सुचलं होतं. त्याच्या घरात असं कुणी असेल, किंवा त्याचाच हात गेला असेल, किंवा नसेलही, नुसतं बसून विचार केला असेल की जगात अशीही माणसं खेळायला बसतील. माझा नवरा सप्टेंबरात पडला, त्याच्याही आधी ही ओळ कुणीतरी लिहून ठेवली होती. मला वाटत होतं मी रविवारी सकाळी एक यंत्र दुरुस्त करायला बसले आहे. खरं तर माझ्या येण्याची तयारी कितीतरी लोकांनी करून ठेवली होती आणि मी फक्त बोटं लावत गेले.

उजवा पर्याय मी निवडला नाही. डावाही निवडला नाही. पान बंद केलं.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

"सकाय देखू."

दिवे लागायच्या आधी यंत्राने कोपऱ्यात एक खूण दाखवली. नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? त्याने विचारलं हे पाहून मला बरं वाटलं. जुनी प्रणाली विचारत नव्हती. फोनचं नेट जोडलं, 'अद्ययावत करा' केलं, आणि सोबतची टीप वाचली. नवी आवृत्ती जुन्यावर लिहिली जात नाही, शेजारी मांडली जाते. यंत्र पुन्हा सुरू झालं की नवीवर जातं, आणि नवी बिघडली तर सुरू करताना कालची निवडून कालच्यावर परत जाता येतं. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे बिघडी गयं तं कालदिनवर जाता येस?"

"येस. यंत्रले येस."

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मांडीवर पडलेल्या. यंत्र बंद झालं, सुरू झालं, नव्या आवृत्तीवर गेलं. कालची खाली यादीत होती, तशीच. मी ती उघडून पाहिली नाही, आहे एवढं बघितलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांना फोन केला. वहीतलं खोटं आधी सांगितलं, मग विचारलं की चांगला हात बांधून ठेवला तर चालेल का. ते म्हणाले, ही पद्धतच आहे, रोज एक-दोन तास, बोटांचा रंग बघत जा, घट्ट बांधू नका. मी कपाटातून क्रेप बँडेज काढलं आणि यांचा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळला, सैलसर. त्यांनी बांधू दिला.

"चोरले बांधतस तसं."

"चोरच शेत तुम्ही."

मग यंत्र उशीवर ठेवलं, डाव्या अंगठ्याला हाताने धरून दांडीवर टेकवलं आणि माझा हात काढून घेतला. पक्षी निघाला, झाडावर आपटला. पुन्हा निघाला, आपटला. मी समोर पाट घेऊन बसले आणि अंगठ्याकडे बघत राहिले, पडद्याकडे नाही. अकराव्या की बाराव्या खेपेला अंगठ्याच्या मुळाशी कातडी हलली. त्यांच्या कपाळावर घाम होता, थंडीतही. दांडी तांदळाच्या दाण्याएवढी कलली असेल. पक्षी झाडाच्या डाव्या अंगाने गेला.

"गया," ते म्हणाले.

मी वेळ पाहिली, त्यांना पाणी पाजलं, बँडेज साडेआठला सोडायचं असं शेजारच्या वहिनींना सांगितलं, आणि ड्यूटीवर गेले.